स्पोर्ट्स बाइकचे गार्ड नेमके कशापासून वाचवतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत नवी स्पोर्ट्स बाइक घेणाऱ्यांसाठी नुकताच एक मार्गदर्शनपर लेख प्रसिद्ध झाला. हेल्मेट, जॅकेट आणि हातमोजे यांविषयी त्यात जे म्हटले आहे त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र गाडी ताब्यात घेतानाच क्रॅश गार्ड किंवा फ्रेम स्लायडर (गाडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर येणारे प्लास्टिकचे दंडगोल) बसवून घ्यावेत, म्हणजे अपघातात नुकसान होत नाही, असे जे एका वाक्यात उरकले आहे, त्याबद्दल चार गोष्टी लिहिणे मला आवश्यक वाटते. मी कोल्हापूर परिसरात वाहनविम्याच्या दाव्यांची पाहणी करणारा सर्व्हेअर आहे. पडलेली गाडी वर्कशॉपमध्ये उघडली जाते तेव्हा, मालक आणि मेकॅनिक यांच्याखेरीज, तिचे तुटलेले भाग हातात घेऊन पाहणारा तिसरा माणूस म्हणजे आम्ही. त्यामुळे गार्डने काय वाचवले आणि काय मोडले, हे पाहण्याची संधी आम्हांला वारंवार मिळते.

सर्वप्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. उभी गाडी किंवा पायी चालण्याच्या वेगातली गाडी आडवी पडणे ही एक घटना आहे, आणि साठ-सत्तरच्या वेगात गाडी घसरणे किंवा कशावर तरी आदळणे ही पूर्णपणे वेगळी घटना आहे. बाजारात मिळणारे बहुतेक संरक्षक सुटे भाग पहिल्या घटनेत उत्तम काम करतात, दुसऱ्या घटनेत नशिबाने साथ दिली तर थोडे काम करतात आणि कधी कधी नुकसान वाढवतात. विक्रेता मात्र दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो आणि गिऱ्हाईक तो शब्द वेगाच्या अपघाताचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून विकत घेते. प्रत्यक्षात माझ्यासमोर येणाऱ्या स्पोर्ट्स बाइकच्या दाव्यांत पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या उतारावर आणि घाटात फोटो काढायला थांबलेल्या ठिकाणी पडलेल्या गाड्या वाचकांना वाटेल त्याहून पुष्कळ अधिक असतात.

याचे कारण या गाड्यांच्या बांधणीत आहे. साध्या मोटारसायकलला रुंद, उंच हँडल असते आणि ते बरेच वळते. स्पोर्ट्स बाइकला फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या, नळ्यांवर आवळलेली दोन आखूड, खाली झुकलेली हँडले असतात, ज्यांना क्लिप-ऑन म्हणतात. ती थोडीशीच वळतात, कारण अधिक वळली तर हाताची बोटे टाकीला चेमटतील. परिणामी अरुंद गल्लीत गाडी वळवताना ती अर्ध्यावर अडते, चालकाचा तोल जातो आणि त्या क्षणी पुढचा ब्रेक दाबला गेला तर गाडी हमखास आडवी होते. वजनाचाही विचार करावा. यामाहा आर१५ सुमारे १४२ किलोची, टीव्हीएस अपाचे आरआर ३१० सुमारे १७४ किलोची आणि कावासाकी निन्जा ३०० सुमारे १७९ किलोची. सीटची उंची पहिल्या दोघींची अनुक्रमे ८१५ आणि ८१० मिलिमीटर, निन्जाची त्याहून थोडी कमी. गाडी विशिष्ट कोनापलीकडे कलली की मध्यम उंचीच्या चालकाला एका पायावर ती सावरता येत नाही, आणि सावरण्याचा फार हट्ट धरला तर घोटा किंवा कंबर दुखावते. अशा वेळी गाडी सोडून द्यावी, हे मी स्पष्टपणे सांगतो, जरी त्यामुळे आमच्या कार्यालयातले काम वाढत असले तरी.

पडल्यावर प्रथम जमिनीला काय टेकते, यावर खर्च ठरतो. स्पोर्ट्स बाइक डावीकडे पडली, की हँडलचे टोक, क्लच लिव्हर, आरसा, फूटरेस्ट, गिअर लिव्हर आणि फेअरिंगचा (गाडीला वेढणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाचा) सर्वांत फुगीर भाग हे जवळपास एकाच वेळी जमिनीला लागतात. फेअरिंगवर वरून केवळ ओरखडा दिसतो, पण आतून ती एबीएस प्लास्टिकच्या बारीक कानांवर टेकलेली असते आणि धक्क्याने ते कान मुळापासून तुटतात. मग बाहेरून बरी दिसणारी फेअरिंग नीट बसत नाही, गाडी चालवताना थरथरते आणि काही महिन्यांत दुसऱ्या जागी तडकते. एबीएस प्लास्टिक तारेची जाळी आत बसवून, गरम करून जोडता येते आणि चांगला कारागीर हे काम अतिशय सुबक करतो. पण अधिकृत सर्व्हिस सेंटर बहुधा पूर्ण पॅनलच बदलण्याचा अंदाज देते. त्यावरचे रंग आणि स्टिकरही पॅनलसोबतच घ्यावे लागतात, म्हणून उभ्या गाडीच्या पडण्याचे बिल पाहून मालकाचा चेहरा उतरतो.

याच ठिकाणी विम्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज उघड होतो. केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही, हे तरुण मालकांना दावा करायला आल्यावर कळते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे कागदावर 'पाच वर्षे' पाहून आपण पूर्णपणे निर्धास्त आहोत, असा समज होतो, मात्र स्वनुकसानीचा भाग बहुधा वर्षाचाच असतो आणि त्याचे नूतनीकरण राहून जाते. सर्वंकष विमा असला तरी प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो, फायबरग्लासवर ३० टक्के. नेकेड, म्हणजे फेअरिंग नसलेल्या, मोटारसायकलमध्ये प्लास्टिक थोडे असते. स्पोर्ट्स बाइकचे जवळजवळ सारे बाह्यांग प्लास्टिकचे असते. म्हणजे जिथे नुकसान सर्वाधिक होण्याची शक्यता, तिथेच भरपाई निम्मी. शून्य घसाऱ्याचे जोड कलम घेतले तर ही वजावट टळते. गार्डवर पैसे खर्च करण्याआधी हे कलम पॉलिसीत आहे का, ते पाहावे, असे माझे मत आहे. शिवाय एक दावा केला की वर्षानुवर्षे वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचणारी नो क्लेम बोनसची सवलत शून्यावर येते. त्यामुळे लहानशा पडझडीसाठी दावा करणे अनेकदा आतबट्ट्याचे ठरते आणि पडझड स्वस्तात निभावेल अशी व्यवस्था गाडीवरच असणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

ही व्यवस्था म्हणजे मुख्यतः फ्रेम स्लायडर. इंजिन ज्या बोल्टने चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) धरलेले असते, त्या बोल्टच्या जागी लांब बोल्ट घालून त्यावर प्लास्टिकचा जाड दंडगोल बसवतात. गाडी आडवी झाली की फेअरिंगआधी हा दंडगोल जमिनीला टेकावा आणि गाडीचा भार हँडलचे टोक, दंडगोल व फूटरेस्ट किंवा मागच्या अ‍ॅक्सलवरचा तसाच गोळा यांवर विभागला जावा, ही त्यामागची कल्पना. ती उत्तम आहे. पण ती कशी अमलात आणली जाते, यावर सारे अवलंबून आहे, आणि आपल्या लेखात नेमका हाच भाग निसटला आहे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर काहीही करून मिळते आणि आम्हांला त्याचा अभिमान आहे. काळ्या नायलॉनचा गज आणायचा, टर्नरकडून हव्या त्या लांबीचे तुकडे काढून घ्यायचे, मधोमध भोक पाडायचे आणि बोल्ट घालून आवळायचे, असे स्लायडर येथील अनेक गाड्यांवर दिसतात. कारागिरी नेटकी असते. कमतरता असते ती आतल्या धातूच्या नळीची. चांगल्या स्लायडरमध्ये प्लास्टिकच्या आत अ‍ॅल्युमिनियमची नळी असते आणि बोल्ट आवळल्यावर दाब त्या नळीवर येतो. नळी नसेल तर बोल्टचा दाब थेट प्लास्टिकवर येतो. प्लास्टिक उष्णतेने आणि सततच्या दाबाने हळूहळू दबत जाते आणि बोल्ट ढिला पडतो. हा बोल्ट शोभेचा नसून इंजिन धरणारा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य कळेल. दुसरी बाब बोल्टच्या डोक्याची. ते प्लास्टिकच्या आत खोल बसले पाहिजे. वरच्यावर बसले असेल तर गाडी घसरताना थोडेसे प्लास्टिक झिजताच पोलादी डोके रस्त्याला लागते आणि सरकण्याऐवजी अडकते, मग ज्या गाडीने घसरत जाऊन थांबायचे ती गिरकी घेते.

बोल्टच्या प्रतीविषयी तर फार थोडे लोक विचारतात. षटकोनी डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. त्यांतून पोलादाची ताकद समजते. ८.८ चा बोल्ट साधारण ८०० मेगापास्कल ताणापर्यंत तुटत नाही आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा वाकत नाही. चकाकतो म्हणून आवडीने लावला जाणारा स्टेनलेस स्टीलचा नेहमीचा बोल्ट, ज्यावर ए२-७० असे लिहिलेले असते, तो गंजत नाही हे खरे, पण ४५० मेगापास्कलच्या आसपासच वाकू लागतो. इंजिनाच्या जागी कंपनीने दिलेला काळा, ओबडधोबड बोल्ट काढून त्याजागी हा चकचकीत बोल्ट लावलेली गाडी पाहिली की आमच्यासारख्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. बसवतानाही दोन्ही बाजूंचे बोल्ट एकाच वेळी काढू नयेत, इंजिनाखाली जॅकचा आधार द्यावा आणि टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावे. नाही तर इंजिन किंचित खाली बसते, भोके जुळत नाहीत आणि जबरदस्तीने फिरवलेल्या बोल्टमुळे अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात. आटे गेलेल्या चेसिसची दुरुस्ती हा पडझडीच्या खर्चापेक्षा मोठा खर्च असतो, आणि तो गाडी एकदाही न पडता होतो.

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येतो. काही गाड्यांत इंजिनाचा बोल्ट फेअरिंगच्या मागे झाकलेला असतो. तेथे स्लायडर बसवायचा तर फेअरिंगला गोल भोक पाडावे लागते आणि नव्या गाडीला ड्रिल लावायला मालकाचे मन धजत नाही. म्हणून बाजारात भोक न पाडता बसणारे संच आले आहेत. त्यांत एक जाड पट्टी इंजिनाच्या बोल्टवरून निघून, फेअरिंगच्या कडेने वळसा घेऊन बाहेर येते आणि तिच्या टोकावर दंडगोल असतो. दिसायला सोयीचे असले, तरी दंडगोलाला बसणारा धक्का आता सरळ बोल्टच्या रेषेत जात नाही. पट्टी तरफेसारखी काम करते आणि बोल्टच्या मुळाशी पिळवटणारा जोर येतो. अशी एक गाडी मी अलीकडेच पाहिली. गगनबावड्याच्या रस्त्यावर ओल्या वळणावर ती मध्यम वेगात घसरली होती. फेअरिंगवर जेमतेम बोटभर ओरखडा होता, मालक समाधानी होता आणि आरसा व लिव्हर एवढाच दावा करणार होता. पट्टी किंचित वाकलेली दिसली म्हणून मेकॅनिकला ती उतरवायला सांगितली. बोल्टच्या बैठकीभोवती रंगात केसाएवढी रेष होती, अर्धवर्तुळाकार. प्रथम ती रंगाचीच भेग वाटली. रेषेवर भेग दाखवणारा लाल द्रव लावून, पुसून, वर पांढरी पावडर फवारली, तेव्हा लाल रेषा बैठकीपासून चेसिसच्या बाहूकडे बोटभर लांब उमटली. चेसिस फुटली होती. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, तर ती गाडी विम्याच्या भाषेत पूर्ण नुकसान मानली जाते; चार-पाच वर्षांच्या गाडीत चेसिस बदलावी लागली की हा आकडा सहज ओलांडला जातो. फेअरिंगचे एक पॅनल वाचवण्यासाठी लावलेल्या पट्टीने गाडीच घालवली.

संरक्षक भाग हा घरातल्या फ्यूजच्या तारेसारखा असला पाहिजे: आधी तो तुटावा. पण आपल्याकडे मजबुतीलाच गुणवत्ता मानतात, म्हणून 'हा कधीच तुटणार नाही' असे सांगून गार्ड विकला जातो आणि ते ऐकून गिऱ्हाईक निर्धास्त होते. जो तुटत नाही, वाकत नाही, तो धक्का पुढे पाठवतो, आणि पुढे चेसिस असते. लोखंडी पाइपचे जाड लेग गार्ड याच कारणाने स्पोर्ट्स बाइकवर बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या शंभर-दीडशे सीसीच्या गाडीवर, शहरातल्या कमी वेगात, ते पायाची नडगी वाचवतात यात शंका नाही. पण स्पोर्ट्स बाइकवर ते वळणात झुकल्यावर रस्त्याला टेकतात, घसरताना खड्ड्यात किंवा साइडपट्टीच्या कडेत रुततात आणि पाय अडकण्याची शक्यता निर्माण करतात.

येथे रस्त्याचा विचार करावा लागतो. स्लायडर ही शर्यतीच्या मैदानातून आलेली वस्तू आहे. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतमार्गावर गाडी घसरली तर ती सपाट डांबरावरून सरकत मोकळ्या जागेत जाऊन थांबते. आपल्या राज्यमार्गावर सरकत जाणाऱ्या गाडीला काही अंतरावर दुभाजकाचा काँक्रीट कठडा, रिफ्लेक्टरचा उंचवटा, पांढऱ्या पट्ट्यांचे जाड थर किंवा डांबर संपून एकदम खाली उतरणारी साइडपट्टी भेटते. बाहेर आलेला दंडगोल अशा कडेला अडला की गाडी उलटते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला आखूड स्लायडर लावावा, फेअरिंगच्या बाहेर जेमतेम येईल इतकाच, आणि त्याच्या कडा गोल असाव्यात. लांब स्लायडर पार्किंगमध्ये अधिक वाचवतो. हमरस्त्यावर त्याचा धोका अधिक. मी आखूडच निवडीन, आणि फेअरिंगला थोडा ओरखडा येऊ देईन.

शर्यतीच्या क्षेत्रातून घेण्यासारखे त्याहून उपयोगी काही असेल तर ते इंजिनाच्या कव्हरवर बसणारे दुसरे कव्हर. सुपरबाइक दर्जाच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत, ज्या बाजूच्या कव्हरमध्ये तेल असते आणि पडल्यावर जे जमिनीला लागू शकते, त्यावर असे जादा कव्हर असणे नियमानेच आवश्यक आहे. कारण फुटलेल्या कव्हरमधून सांडलेले तेल मागून येणाऱ्यांचे प्राण घेऊ शकते. रस्त्यावरही हेच लागू आहे. डावीकडे पडल्यावर गिअर लिव्हर आत दाबला जाऊन मॅग्नेट कव्हरवर आदळतो, उजवीकडे पडल्यावर क्लच कव्हर जमिनीवर घासते. ही ओतीव अ‍ॅल्युमिनियमची कव्हरे पातळ असतात. एकदा भोक पडले की तेल गळते, गाडी तेथेच थांबते आणि अंधार पडल्यावर आंबोलीच्या घाटात टेम्पो शोधत बसावे लागते. असे असूनही आमच्याकडे स्लायडर लावलेल्या शंभर गाड्या दिसतील, तर कव्हर लावलेली एखादीच. कदाचित ते गाडीवर उठून दिसत नाही म्हणून. मोटोजीपी या जागतिक शर्यतींत ब्रेक लिव्हरसमोर वाकडी पट्टी सक्तीची आहे, तिचीही हौसेने नक्कल होते. दुसऱ्या गाडीचे हँडल लागून ब्रेक आपोआप दाबला जाऊ नये, हा तिचा हेतू आहे. पडल्यावर लिव्हर वाचावा हा नव्हे.

लिव्हर वाचवण्यासाठी बिनखर्चाचा उपाय आहे. हँडलवर लिव्हर धरणारी पकड इतकीच आवळावी, की वापरात ती हलणार नाही पण जोराचा धक्का बसला तर फिरेल. शर्यतीतले मेकॅनिक हे सर्रास करतात. बऱ्याच लिव्हरच्या टोकाजवळ एक बारीक खाच असते. ती दोष म्हणून नसते, टोक तेथून तुटावे आणि उरलेल्या भागाने ब्रेक दाबून घरी पोहोचता यावे, यासाठी असते. स्वस्त नकली लिव्हरमध्ये ती खाच नसते आणि लिव्हर मुळापासून तुटतो. हँडलच्या टोकाची जड वजने बाजारातल्या पोकळ रंगीत वजनांनी बदलू नयेत. पडताना सर्वांत आधी तीच रस्त्याला लागतात. टाकीवर चिकटवण्याच्या पारदर्शक फिल्मबद्दल एवढेच म्हणतो, की ती खडे आणि जॅकेटच्या चेनच्या ओरखड्यांसाठी आहे, पडण्यासाठी नाही.

सांगायला सोपी आणि तरीही दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे गाडी उभी करण्याची पद्धत. पावसाळ्यात मुरूम भिजलेला असतो, उन्हाळ्यात दुपारी डांबर मऊ होते. साइड स्टँडचे लहानसे टोक दोन्हींत हळूहळू खचते आणि मालक चहा घेत असताना गाडी पडते. स्टँडखाली ठेवायला हाताच्या तळव्याएवढी सपाट फळी किंवा चकती पुरते. उतारावर गाडी पुढच्या दिशेने खाली तोंड करून उभी करू नये, आणि पहिल्या गिअरमध्येच ठेवावी, म्हणजे ती स्टँडवरून पुढे घरंगळत नाही. गाडी ढकलताना डाव्या बाजूला उभे राहावे आणि ती किंचित आपल्याकडे झुकलेली असावी. उजवीकडे झुकली तर तिला आवरणारे कोणी नसते, स्टँडही नसतो.

पडलेली गाडी उचलल्यावर लगेच सुरू करण्याची घाई टाळावी. आधी तेल किंवा कूलंट गळते का, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप परत येतो का, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळते का आणि ब्रेकचा लिव्हर नीट दाबला जातो का, हे पाहावे. हँडलची वळण्याची मर्यादा ठरवणारा स्टॉपर पडताना तुटला असेल, तर हँडल टाकीला घासते आणि हा स्टॉपर ज्या गाड्यांत चेसिसचाच भाग असतो, तेथे प्रश्न गंभीर होतो. आधुनिक गाड्या ठरावीक कोनापलीकडे कलल्या की सेन्सर इंजिन बंद करतो. गाडी सुरू होत नाही म्हणून बॅटरीला दोष देण्यापूर्वी किल्ली बंद करून पुन्हा चालू करावी.

वेगातल्या अपघाताबद्दलचे माझे मत थोडक्यात मांडतो. त्यापासून गाडी वाचवणाऱ्या वस्तू चाकांत आणि ब्रेकमध्ये आहेत, बाजूला लटकवलेल्या गार्डमध्ये नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना अ‍ॅंटी लॉक ब्रेक बंधनकारक झाले. पुढचे चाक अडकून गाडी घसरण्याचे प्रसंग ही यंत्रणा पुष्कळ टाळते, मात्र झिजलेल्या किंवा वर्षानुवर्षे कडक झालेल्या टायरला ती पकड देऊ शकत नाही. महागडा स्लायडर संच लावलेल्या गाडीचे मागचे टायर गुळगुळीत झालेले असते, हे दृश्य आमच्या पाहणीत नवीन नाही.

कायद्याच्या बाजूने मालकांच्या मनात संभ्रम आहे आणि तो दूर करण्याची जबाबदारी परिवहन खात्याची आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांवरील अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुल बार यांवर कारवाई करण्याचे राज्यांना कळवले. तो रोख प्रामुख्याने मोटारींच्या पुढच्या लोखंडी गजांवर होता, पण 'क्रॅश गार्ड' हा शब्द दुचाकीलाही लागत असल्याने गोंधळ झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात बदल घडवणारा रचनेतला बदल निषिद्ध आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्हींची तरतूद झाली. बोल्टवर बसणारा चार इंची दंडगोल हा या व्याख्येतला बदल आहे का? माझ्या मते नाही. पण रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या पोलिसाचे मत वेगळे असू शकते, आणि मालकाजवळ दाखवायला कागद नसतो. एका साध्या परिपत्रकाने, कोणत्या लांबीपर्यंतचे, कोणत्या साहित्याचे आणि कोणत्या बाजूचे संरक्षक भाग चालतील, एवढे स्पष्ट करता येईल. त्यामुळे पाइपच्या जाड, टोकदार गार्डवर कारवाई करणेही सोपे होईल.

उत्पादकांकडून अपेक्षा अधिक आहे. केटीएमच्या बऱ्याच गाड्या आपल्या चाकणला बनतात, इतर कंपन्यांचेही मोठे कारखाने आणि संशोधन विभाग राज्यात व शेजारच्या राज्यांत आहेत. आपली चेसिस कोणत्या जागी किती धक्का सोसते, हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नाही. त्यांनी प्रत्येक फेअरिंगयुक्त मॉडेलसाठी अधिकृत स्लायडर द्यावा, तो ठरावीक जोराला तुटेल अशी रचना करावी आणि तो शोरूममध्येच बसवावा. फेअरिंगची खालची, सर्वांत आधी घासणारी किनार वेगळ्या, रंग न दिलेल्या, स्वस्त पट्टीची करावी. पूर्ण पॅनल बदलण्याची गरज निम्म्याने कमी होईल, असा माझा अंदाज आहे. चेसिसवर हँडलचा स्टॉपर ओतीव कानाऐवजी बदलता येणाऱ्या तुकड्याचा असावा.

विमा कंपन्यांनाही एक विनंती आहे. मालकाने नंतर बसवलेले सुटे भाग प्रस्तावात नोंदवले आणि त्यांचा हप्ता भरला, तरच त्यांची भरपाई मिळते. विक्री करताना हे कोणी सांगत नाही. पॉलिसी देताना एक ओळीचा प्रश्न विचारला, की गाडीवर बाहेरचे कोणते भाग बसवले आहेत आणि ते कोठे आवळले आहेत, तर दाव्याच्या वेळचे निम्मे वाद मिटतील; आणि सर्व्हेअरला इंजिनाचा बोल्ट बदलला आहे हे गाडी उघडण्याआधीच कळेल.

आपल्या पुरवणीतील पुढच्या लेखात या विषयाला अधिक जागा मिळावी, आणि शक्य झाल्यास परिवहन आयुक्त कार्यालयाकडून दुचाकीवरील संरक्षक भागांबाबतचा अधिकृत खुलासा मागवून तो छापावा, ही नम्र विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाहनविमा सर्व्हेअर, कोल्हापूर